गोळी कधी, जेवण कधी: घरी औषधं सुरू असलेल्या माणसाचं ताट कसं लावायचं

दवाखान्यातून सुट्टी मिळाली की हातात एक कार्ड येतं. त्यावर १-०-१, ०-०-१ अशी आकड्यांची रांग आणि पुढे 'जेवणानंतर' किंवा 'रिकाम्या पोटी' एवढंच. जेवणात काय असावं, चहा किती वाजता घ्यावा, मधे एकादशी आली तर काय करायचं, याबद्दल कार्ड गप्प असतं. मग ही जागा भेटायला येणारे पाहुणे भरून काढतात. पालेभाजी बंद, दही बंद, केळं थंड, डाळ जड. पंधरा दिवसांत रुग्णाच्या ताटात मऊ भात आणि वरणाचं पाणी तेवढं उरतं.

आईची, सासऱ्यांची किंवा स्वतःचीच औषधं सांभाळायची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदा आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं असं की औषध आणि अन्न यांचं बहुतेक भांडण वेळेचं अंतर ठेवून आणि रोजच्या खाण्यात सातत्य ठेवून मिटतं. ताटातून एखादी गोष्ट कायमची काढावी लागते अशी उदाहरणं मोजकीच आहेत. म्हणून 'काय बंद करायचं?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आणि डोस कमीजास्त करणं किंवा गोळी थांबवणं हे काम डॉक्टरांचं. आपलं काम त्यांच्यापुढे नीट माहिती ठेवण्याचं.

पायरी १ : घरातली सगळी औषधं एका टेबलावर

सगळी म्हणजे खरोखर सगळी. हृदयवाल्या डॉक्टरांची, साखरवाल्या डॉक्टरांची, मेडिकलमधून स्वतःहून आणलेली कॅल्शियमची बाटली, ॲसिडिटीची गोळी, इसबगोल, वैद्यांचं चूर्ण, काढा आणि कोणीतरी गावाहून पाठवलेली पुडीसुद्धा. वहीत लिहिताना कंपनीचं ठसठशीत नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव उतरवा. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात आणि तेच औषध दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत वेगळ्या नावाने पुन्हा येऊ शकतं. या एका कामातच निम्मे घोटाळे सापडतात.

इसबगोल घरोघरी असतं आणि त्याला कोणी औषध मानत नाही. ते पोटात फुगून आजूबाजूच्या गोळ्याही धरून ठेवतं, म्हणून इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

पायरी २ : आठवडाभर खरं खाणं लिहून काढा

आदर्श खाणं नको, खरं हवं. उठल्यावर चहा किती वाजता, त्यासोबत बिस्कीट होतं का, दूध कधी, रात्रीचं जेवण आठला की साडेदहाला. 'सकाळी रिकाम्या पोटी' असं सांगितल्यावर बरेच जण आधी चहा पितात, कारण आपल्या लेखी चहा म्हणजे खाणं नव्हे. औषधाच्या लेखी तो खाण्यातच जमा आहे. उपास, नैवेद्याचे दिवस, रोजे हेही याच पानावर लिहा. पुढे लागतील.

पायरी ३ : पोटात एकमेकांना अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि खर्च शून्य.

थायरॉईडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, पोट रिकामं असताना साध्या पाण्यासोबत घ्यायची. त्यानंतर चहा, कॉफी, नाश्ता यांना अर्धा ते एक तास थांबवायचं. लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तास हवेत. 'डोस वाढवला तरी टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही' अशी तक्रार असेल तर आधी सकाळच्या पहिल्या तासाची चौकशी करावी. ज्यांना पहाटे चहाशिवाय चालतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून ही गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला हरकत नाही. रोज एकच वेळ मात्र पाळायची.

लोहाच्या गोळीचा शत्रू चहा. त्यातली टॅनिन लोहाला शोषू देत नाहीत. दूध आणि कॅल्शियमही तिला अडवतात, आणि लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू तिला मदत करतात. गरोदरपणात आशाताई जी लाल गोळी देतात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात आणि पुष्कळ जणी लक्षात राहावं म्हणून दोन्ही एकदमच गिळतात. त्यांच्यात किमान दोन तास ठेवा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत चांगलं शोषलं जातं, लोह जेवणापासून दूर. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

थायरॉईड, लोह आणि कॅल्शियम तिन्ही चालू असलेल्या बाईंचा दिवस असा लावता येतो: सहाला थायरॉईडची गोळी, सातला चहा-नाश्ता, अकराला लिंबूपाण्यासोबत लोह, दीडला जेवताना कॅल्शियम, चारला निवांत चहा. काहीही बंद करावं लागलं नाही.

प्रतिजैविकांपैकी डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचं दूध, दही, कॅल्शियम, लोह यांच्याशी जमत नाही. मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने डॉक्सिसायक्लिन दिलं जातं आणि 'गरम पडेल' म्हणून घरचे ते दुधासोबत देतात. मळमळत असेल तर पोळी-भाजीनंतर द्या, दुधासोबत नको. ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, कारण ही कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम करते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी तर याहून हट्टी. रिकामं पोट, फक्त साधं पाणी, नंतर अर्धा तास ताठ बसणं आणि तोवर दुसरं काहीही नाही.

काही औषधांना उलट स्निग्ध जेवण हवं असतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल दिवसाच्या मुख्य जेवणासोबत घ्यावी. ती सहसा आठवड्यातून एकदाची असते. ती चुकून रोज घेणारी माणसं असतात, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं.

पायरी ४ : रक्त पातळ करणारी गोळी आणि पालेभाजी

या विषयावर घराघरांत जितका गोंधळ आहे तितका दुसऱ्या कशावर नसेल. आधी गोळी कोणती ते पाहा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचा पालेभाजीशी संबंध नाही. ॲपिक्सॅबान, रिव्हारॉक्सॅबान, डाबिगॅट्रान या नव्या औषधांचाही नाही. फक्त रिव्हारॉक्सॅबानची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, नाहीतर ती पुरेशी शोषली जात नाही. आणि डाबिगॅट्रानची कॅप्सूल कधी उघडायची नाही.

संबंध आहे तो वॉरफेरिन आणि असेनोकुमारॉल या जुन्या औषधांचा. हृदयाची यांत्रिक (मेकॅनिकल) कृत्रिम झडप बसवलेल्यांना हीच लागतात. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार व्हायला के जीवनसत्त्व लागतं आणि ही औषधं नेमकी त्याच्यावर काम करतात. या औषधांची कथा गोठ्यातली आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला घटक शोधला, त्याच्यावरून पुढे उंदीर मारायचं औषध निघालं आणि १९५४ मध्ये तेच वॉरफेरिन माणसांसाठी मंजूर झालं. एवढं ऐकल्यावर ही गोळी सांभाळून का घ्यायची ते वेगळं सांगायला नको.

के जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असतं: पालक, मेथी, शेपू, अळू, चवळई, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. म्हणून 'पालेभाजी बंद' असा फतवा निघतो. तो चुकीचा आहे. पालेभाजी पूर्ण सोडलेल्या माणसाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) उलट जास्त डगमगतो, कारण शरीरातला साठा इतका कमी असतो की एखाद्या दिवशीची अळूवडीसुद्धा आकडा हलवते. शिवाय फोलेट आणि तंतू जातात ते वेगळंच. योग्य मार्ग असा की आठवड्यात किती वाट्या पालेभाजी खाणार ते ठरवा, तेवढीच खात राहा आणि डॉक्टरांना त्या खाण्यावर डोस बसवू द्या. आयएनआर बहुतेकांचा २ ते ३ दरम्यान हवा असतो, काही कृत्रिम झडपांसाठी याहून जास्त. आपला आकडा कार्डावर लिहून घ्या.

आपलं खाणं मात्र वर्षभर सारखं नसतं. श्रावणात रानभाज्या आणि अळूचं फदफदं, थंडीत स्वस्त मेथीची भाजी, पराठे, थेपले, आणि मधे नऊ दिवसांचा नवरात्राचा उपास, ज्यात पानं ताटातून गायबच होतात. पानं वाढली की आयएनआर खाली येतो आणि गुठळीचा धोका वाढतो. खाणं थांबलं, ताप-जुलाब झाले किंवा प्रतिजैविक सुरू झालं की तो वर जातो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. असा बदल येणार हे दिसत असेल तर आधी डॉक्टरांना सांगून तपासणी लवकर करून घ्या. फोडणीतली हळद आणि लसूण चालतात. हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल न विचारता घेऊ नका.

पायरी ५ : मधुमेह आणि उपास

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांना पोटात अन्न आहे की नाही हे कळत नाही. ती साखर खाली आणतातच. संकष्टीला सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही खाल्लं नाही, तर घाम, थरथर, छातीत धडधड, मग बडबड आणि बेशुद्धी असा प्रवास होऊ शकतो. उपास करायचाच असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. रोज्यांच्या बाबतीतही हेच. 'आज उपास आहे म्हणून गोळीच नको' हा निर्णयही घरी घेऊ नका.

फराळाचं म्हणाल तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीनंतर साखर झरकन वर जाते. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, मूठभर शेंगदाणे, काकडी असा फराळ बरा, आणि भगर खाल्ली तर शेंगदाण्याच्या आमटीसोबत, प्रमाणात.

साखर ७० च्या खाली गेली की ग्लुकोज पावडरचे तीन-चार चमचे पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. घरात ग्लुकोज ठेवाच, कारण आपल्याकडच्या पुष्कळ एकत्रित गोळ्यांत व्होग्लिबोज असतं. ते साध्या साखरेचं पोटात विघटन होऊ देत नाही, म्हणून अशा रुग्णाला साखर, गूळ किंवा पेढा दिला तर परिणाम उशिरा होतो. ग्लुकोजला विघटनाची गरजच नसते. ही बाब चिठ्ठीवर सहसा लिहिलेली नसते, तेव्हा पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज दिसतंय का ते आजच पाहा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी उलट्या, ताप, कडक उपास किंवा ऑपरेशनच्या वेळी गोळी थांबवायची का हे विचारून ठेवावं. या औषधांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, मेथीदाणे हे गोळ्यांच्या जोडीला सुरू केले तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. हेही वहीत लिहा.

पायरी ६ : रक्तदाब, मीठ आणि भेटीला आलेलं शहाळं

टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर रोजचं केळं, टोमॅटो, डाळ यांनी बिघडत नाही. मूत्रपिंडं थकलेली असतील तर पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा घरात दोन गोष्टी नकळत शिरतात. एक, 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी माणसाला ते फायद्याचं, या रुग्णाला विचारल्याशिवाय नको. दुसरं, शहाळं. रुग्णाला भेटायला येताना प्रत्येक जण तेच आणतो, आणि एका मोठ्या शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा जास्तही पोटॅशियम असू शकतं. दिवसाला दोन-तीन झाली तर विचार करा.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नारळपाणी आवर्जून द्या असं सांगितलेलं असू शकतं. त्याला फ्युरोसेमाइड किंवा तत्सम लघवी वाढवणारी गोळी असते आणि तिने पोटॅशियम बाहेर जातं. म्हणून एकाचं पथ्य दुसऱ्याला लागू करू नका.

सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबासाठी त्यात काही सवलत नाही. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला. जास्त दिवस घेतलेला ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम कमी करतो.

फळांपैकी खरोखर बाजूला ठेवण्यासारखं एकच: ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड, गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनस. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी निफेडिपिन, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन चालू असेल तर ही फळं त्या औषधांना आतड्यात मोडू देत नाहीत आणि रक्तातली त्यांची पातळी वाढते. इथे वेळेचं अंतर ठेवून उपयोग नाही, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. मोसंबी आणि संत्रं खुशाल खा.

पायरी ७ : टीबीची औषधं चालू असतील तर

रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड रिकाम्या पोटी चांगली शोषली जातात. खूपच मळमळत असेल तर आरोग्य केंद्रात सांगून थोडं हलकं खाऊन घेता येतात. गोळी चुकण्यापेक्षा ते बरं. लघवी केशरी होते, ती होऊ द्या. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी खास सूचना: आयसोनियाझिड चालू असताना कुपा, बांगडा यांसारखे मासे, विशेषतः ताजे नसलेले, खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज, धडधड असं होऊ शकतं. अशा माशांत हिस्टामिन साचतं आणि हे औषध त्याचा निचरा रोखतं. मासे सोडायची गरज नाही, पण ते अगदी ताजे हवेत आणि असा त्रास एकदा झाला तर ती जात टाळा.

आयसोनियाझिडने ब६ जीवनसत्त्व कमी पडून हातापायांना मुंग्या येतात, म्हणून पायरिडॉक्सिनची छोटी गोळी सोबत देतात. ती 'फक्त व्हिटॅमिन' म्हणून टाळू नका. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांवरच खर्च व्हावेत. टीबीच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, तेव्हा दर महिन्याला वजन करा आणि ते चांगलं वाढलं तर केंद्रात सांगा.

पायरी ८ : महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्या शरीरातून काय नेतात

आतापर्यंत अन्न औषधाचं काय करतं ते पाहिलं. आता उलट बाजू. ही हळू चालते, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ब१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असेल तर आणखी कमी, कारण अन्नातलं ब१२ सुटायला जठरातलं आम्ल लागतं. त्यात रुग्ण शाकाहारी असेल तर तिन्ही एकत्र येतात. तळपायाला मुंग्या येतात आणि सगळे म्हणतात, साखरेमुळे आहे. ब१२ ची तपासणी मागून घ्या. आणि ॲसिडिटीची गोळी नक्की कशासाठी, किती दिवस, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. माझ्या मते आपल्याकडे सर्वात जास्त काळ विनाकारण चालणारी गोळी हीच.

प्रेडनिसोलोन भूक आणि साखर वाढवतं, स्नायू आणि हाडं झिजवतं, म्हणून प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष हवं. फिटसाठीचं फेनिटोइन ड जीवनसत्त्व आणि फोलेट कमी करतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. हे वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं.

पार्किन्सनच्या लिव्होडोपाची गोष्ट वेगळी. जेवणातली प्रथिनं तिच्याशी शोषणासाठी स्पर्धा करतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. तरीही दुपारी हालचाल अडखळत असेल तर डाळ, पनीर, अंडी यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्या. प्रथिनं कमी करू नका, हे रुग्ण आधीच वाळलेले असतात. खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णातही नैसर्गिक लिव्होडोपा असतं, तेव्हा ते जोडीला देऊ नका.

नवं औषध सुरू झाल्यावर भूक गेली, तोंड धातूसारखं लागू लागलं, तोंड कोरडं पडलं किंवा बद्धकोष्ठ झालं, तर 'वयामुळे' म्हणण्याआधी वहीतली तारीख पाहा. आणि दर पंधरा दिवसांनी वजन लिहा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पायरी ९ : गोळी गिळता येत नसेल तर

एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कुटू नयेत. दिवसभराचा डोस एकदम सुटतो किंवा औषध जठरातच वाया जातं. पातळ औषध मिळतं का ते फार्मासिस्टला विचारा. पूर्ण वाटीभर खिरीत औषध मिसळू नका, रुग्णाने अर्धी टाकली तर अर्धा डोस गेला, आणि खिरीला औषधाची चव लागली की उद्या तो खीरही खाणार नाही. एक चमचा पुरे. नळीतून आहार चालू असेल आणि फेनिटोइनही त्याच नळीतून द्यायचं असेल, तर आहार आणि औषध यांच्यात किती वेळ नळी थांबवायची ते वॉर्डातून निघण्याआधी लिहून घ्या.

पायरी १० : वही घेऊन डॉक्टरांकडे

प्रत्येक औषधापुढे तीन रकाने करा: रिकाम्या पोटी की जेवणासोबत, कशापासून किती अंतर, आणि खाणं बंद पडलं तर घ्यायचं की नाही. तिसरा रकाना जवळजवळ कोणीच विचारत नाही. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्यावर तोच लागतो.

काळं डांबरासारखं शौच (लोह चालू नसताना तर नक्कीच), हिरड्यांतून न थांबणारं रक्त, साखर देऊनही न उतरणारी गुंगी, अचानक मंदावलेले किंवा अडखळणारे ठोके, यांपैकी काही दिसलं तर वही घेऊन तडक दवाखान्यात. एखाद्या औषधाने त्रास झाल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर रुग्णाच्या घरचेही नोंद करू शकतात. तिथे बॅच क्रमांक सांगता आला तर बरं, म्हणून संपलेल्या पट्ट्या लगेच फेकू नका, महिनाभर एका डब्यात ठेवा.